आठाचे गठ्ठे बांधणारी पेटी

नाव: ताई. सेवापुस्तकात याहून लांब नाव आहे, पण ते पगारपत्रकाबाहेर कधी पडलं नाही. हुद्दा: ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ. विभाग: कान-नाक-घसा, तळमजला, जिन्याखालून डावीकडे. उंची: मध्यम. चष्मा: आहे, बहुधा कपाळावर. श्रवणशक्ती: गरजेपेक्षा बरी. सेवेतील ठपका: एक, विहित वेळेपेक्षा जास्त मुद्रण केल्याबद्दल समज. कामाचे स्वरूप: घशाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या आवाजाचे विहित नमुन्यात मोजमाप घेऊन ते जतन करणे. ज्यांची मोजमापं घेतली, त्यांतले बरेच जण त्यानंतर बोलले नाहीत.

ताईंची खोली म्हणजे खोलीत बसवलेली दुसरी खोली. आतल्या भिंतींना करडा स्पंज, दाराला रबर, मधे दुहेरी काच. काचेपलीकडे रुग्ण, अलीकडे ताई. आत जाऊन दार लावलं की माणसाला स्वतःचा आवंढा ऐकू यायचा, आणि ज्यांचा घसा दुसऱ्या दिवशी उघडायचा असे त्यांना तो नको तितका ऐकू यायचा. विहित नमुना असा होता: आधी दम संपेपर्यंत 'आ', मग 'ई', मग एक ते वीस आकडे, मग एक छापील उतारा. उतारा एका माळ्याबद्दल होता. माळी सकाळी उठतो, झाडांना पाणी घालतो, संध्याकाळी घरी जातो. त्याच्या आयुष्यात याहून काही घडत नाही, कारण सगळी व्यंजनं एकदा तरी यावीत एवढीच लिहिणाऱ्याची इच्छा होती. ज्यांची स्वरपेटी उद्या काढायची, त्यांनीसुद्धा शेवटचं बोलायचं ते या माळ्याबद्दलच.

ताईंना हे पटत नसे. न पटल्यास अर्ज करावा अशी पद्धत आहे. ताईंनी अर्ज केला नाही. उतारा संपला की त्या मशीन बंद करायच्या नाहीत, एवढंच.

"झालं," त्या काचेतून म्हणायच्या. "आता घरच्यांना हाक मारा."

"आत्ता? इथून?"

"रोज मारता तशी."

माणसं गोंधळायची. एक हेडमास्तर बराच विचार करून कुत्र्याला हाक मारते झाले. एक कंडक्टर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणाले आणि मग म्हणाले, "घरीसुद्धा हेच म्हणतो हो, स्वयंपाकघर लहान आहे." एका गृहस्थांनी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आपण तिला नुसतं खाकरून बोलावलंय. ते खाकरले. ताईंनी तेही मुद्रित करून ठेवलं.

पुढे कधीतरी घरचं कोणीतरी यायचं. कुणी महिन्यानं, कुणी दोन वर्षांनी, हळूच दार ढकलून. ताई कॉपी काढून द्यायच्या. घाई करा असं त्या कुणाला सांगत नसत. आवाज कुठे पळून जातोय, असं त्यांचं म्हणणं होतं.

आवाजाला तशी जागा फार लागत नाही. जागा खायची ती घशात नळी घालून काढलेली चित्रफीत, आणि तीही त्याच संगणकावर साठायची. संगणक ताईंपेक्षा सेवेला कनिष्ठ, पण निवृत्तीला त्यांच्या आधी पोचलेला. तो बदलता येत नव्हता, कारण मुद्रणाचं कार्ड फक्त त्याच्यातच बसे. त्याची डिस्क भरली तेव्हा ताईंनी मागितली होती एक टीबीची; खरेदी विभागाच्या दरपत्रकात ती नव्हती, म्हणून तीन टीबीची आली. नाकापेक्षा मोती जड झाला. दोन टीबीच्या पुढे संगणक ओळखच दाखवेना.

हार्डवेअरवाल्यानं स्टुलावर बसून समजावून सांगितलं होतं. "ताई, डिस्कमधे खण असतात, आणि प्रत्येक खणाला नंबर. आपल्या या म्हाताऱ्याला नंबर येतात ते दोन टीबीपर्यंतचेच. त्याच्यापुढे त्याला कुणी शिकवलंच नाही."

"मग शिकवा."

"या वयात? त्यापेक्षा मधे पेटी लावू."

पेटी काळी होती, जेवणाच्या डब्याएवढी. डिस्क तिच्या पोटात आणि पेटीची तार संगणकाला. ती आठ खणांचा एक गठ्ठा बांधायची आणि संगणकाला सांगायची, हा घे एक खण. खण झाले आठपट मोठे, नंबर लागले आठपट कमी, म्हाताऱ्याचे आकडे पुरून उरले. आधीच्या डिस्कवरचे सगळे आवाजही मग या डिस्कवर आले.

"म्हणजे खोटं सांगते," ताई म्हणाल्या.

"मध्यस्थी करते म्हणा."

"आमच्या आत्यानं अशीच लग्नं जुळवली."

"टिकली ना?"

"टिकली बाबा."

हाही संसार टिकला. फक्त पेटीत एक इवलासा पंखा होता आणि त्याला बारीक घुं होतं. इतर कुणाला ते ऐकू येत नसे, याचा ताईंना जास्त राग. त्यांनी पेटीखाली नॅपकिन घातला, मग दोन घातले, मग पेटी टेबलाच्या पायाशी नेऊन ठेवली. घुं तिथूनही यायचं.

म्हणून नवा संगणक आला तेव्हा ताईंना झालेला आनंद कुणाला पूर्ण कळला नाही. या संगणकाला कार्ड लागत नव्हतं आणि डिस्क कितीही मोठी चालत होती. बसवायला आलेला माणूस टाय लावून आला होता. "पेटीची आता काहीच गरज नाही, मॅडम," तो म्हणाला. त्यानं डिस्क पेटीतून काढून थेट नव्या संगणकाच्या पोटात बसवली, चार स्क्रू आवळले आणि सही घेऊन गेला. सुंठीवाचून खोकला गेला. ताईंनी रिकाम्या पेटीवर स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर 'निरुपयोगी' असं लिहिलं, आणि जुन्या संगणकाबरोबर तिला भांडारात पाठवून दिलं.

टायवाला खोटं बोलला नव्हता. नव्या संगणकाला मोठी डिस्क खरंच चालत होती. ही डिस्क भरताना कुणी कशी मोजली होती, हे त्यानं विचारलं नाही आणि ताईंनाही सांगायचं सुचलं नाही. नवी कामं नव्या डिस्कवर जाऊ लागली. जुनी उघडायची वेळच आली नाही, आणि बंद कपाटात सगळं जागच्या जागी आहे असं माणूस धरूनच चालतो.

ती वेळ आणली एका शिवणवालीनं.

ती दुपारी आली आणि काचेवर अंगठीनं टकटक केलं. तिच्या स्वरपेटीत गाठ निघाली तेव्हा तिचं मूल अंगावर पीत होतं. ऑपरेशन झाल्यापासून ती एका पुठ्ठ्यावर बोलायची. पुठ्ठ्याला काळं कापड ताणून बसवलेलं, आणि त्यावर कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूनं लिहायचं. पुसायला तळहात. मान हलवून किंवा डोळे वटारून ती जेवढं सांगायची त्याहून जास्त ती पुसता पुसता सांगायची.

"काय गं, तू?" ताई म्हणाल्या.

'ओळखलंत?'

"ओळखत नाही कशी? पडदे वीतभर आखूड शिवून दिलेस."

'माप तुम्ही दिलं होतं.' तिनं ते पुसलं. 'मुलगा येतोय. बोटीवर असतो. आठवडाभर सुटी.'

"बरं झालं की."

'फोनवर मी टिचकी मारते. एक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. परवा विचारलं, आई, तुझा आवाज कसा होता?' कापड भरलं. तिनं पुसून खाली लिहिलं, 'काय टिचकी मारू?'

ऑपरेशननंतर ताईंनी तिला कॉपी देऊ केली होती. तेव्हा तिनं लिहून दिलं होतं, 'गेलेल्या माणसांचं ठेवतात असलं. मी आहे.' त्यानंतर हा विषय दोघींत निघाला नव्हता. आता तिनं विचारलं, 'आहे का अजून?'

"आहे तर. जाईल कुठे?"

ताईंनी खुर्ची ओढली आणि जुन्या डिस्कवर टिचकी मारली. पडद्यावर एक छोटी चौकट आली. ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. करायची का? खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

शिवणवाली खांद्यावरून वाचत होती. तिला त्यातला 'फॉरमॅट' कळला नाही, पण ताईंची मान कळली. 'गेला का?'

"नाही नाही. मशीन नवीन आहे ना." ताईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "तू परवा ये. त्याला घेऊनच ये."

'तुम्ही खोटं बोलताना चष्मा लावता,' शिवणवालीनं लिहिलं. आणि पुसून, 'परवा येते.'

ताईंनी 'नाही' दाबलं. मग कुणाचा चुकून धक्का लागायला नको म्हणून माउस तारेसकट काढून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरवाला आला. त्यानं माउस मागून घेतला, पडद्यावरचे दोन आकडे पाहिले आणि विचारलं, "डिस्क कितीची?"

"तीन टीबी."

"हा म्हणतोय, पावणेचारशे जीबी भरलेला भाग आहे, पुढे सगळं मोकळं." तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला. "तिनाचा आठवा हिस्सा. ताई, आपली पेटी कुठाय?"

ताईंनी टेबलाच्या पायाशी, रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"घुं करणारी?"

"भांडारात."

"कोणी धाडली?"

"मी."

हार्डवेअरवाला भला माणूस होता. त्यानं स्टूल पडद्याकडे वळवलं. मग म्हणाला, "आत सगळं जसंच्या तसं आहे. पण ते भरलं गठ्ठ्यांनी, आणि हा मोजतोय सुटे खण. शंभरावा गठ्ठा काढ म्हटलं की हा शंभराव्या सुट्या खणात डोकावतो. तिथे भलतंच असतं. याला वाटतं, डिस्क रिकामी किंवा बिघडलेली."

"याला सांगा की आठाआठानं मोज म्हणून."

"प्रोग्रॅम लावून खटपट करता येते, पण त्यात एक ओळ जरी वर लिहिली गेली तरी तेवढं कायमचं गेलं. दुसरी पेटी म्हणाल तर हल्लीच्या पेट्या गठ्ठे बांधत नाहीत, सरळ सांगतात. तीच हवी."

"हल्लीच्या खरं बोलतात म्हणजे."

"हो. त्यानंच घोळ झालाय."

ताईंनी रात्री किती झोप घेतली याची नोंद नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर शिवणवाली नव्हती, पेटीही नव्हती. आपण ती चिठ्ठी किती आनंदानं चिकटवली, कोपरे दाबून दाबून, तेच सारखं येत होतं. एवढ्या लोकांना हाका मारायला लावल्या, त्या जपून ठेवल्या, आणि एका पंख्याच्या घुंसाठी सगळ्यांचं दार बाहेरून लावून किल्ली टाकून दिली.

सकाळी विभागप्रमुखांनी बोलावलं. त्यांना सगळे मोठे सर म्हणत.

"ताई, नव्या मशीनमधे ती एक जुनी डिस्क रिकामी पडलीय म्हणे. आज संध्याकाळी फॉरमॅट करून घेतो. चित्रफितींना जागा नाही."

"रिकामी नाहीये, सर."

"पडद्यावर तर तसं दिसतंय."

"पडद्याला माहीत नाही."

मोठ्या सरांनी पेन खाली ठेवलं. "मोजमापं केसपेपरवर आहेत ना?"

"सगळी."

"मग आणखी राहिलं काय?"

"हाका आहेत, सर. घरच्यांना मारलेल्या."

मोठे सर वाईट नव्हते. त्यांच्याकडे जागा नव्हती; द्यायला होती ती फक्त संध्याकाळपर्यंतची वेळ. "संध्याकाळपर्यंत बघा काय करायचं ते," एवढंच ते म्हणाले, आणि ही सवलत होती हे दोघांनाही कळलं.

ताईंनी संगणक बंद केला, चार स्क्रू काढले, डिस्क नॅपकिनात गुंडाळून पिशवीत घातली आणि दार ओढून घेतलं. जिन्यापाशी शिवणवाली उभी होती. तिच्या शेजारी तिच्याहून हातभर उंच मुलगा, हातात टोपी. आईच्या बोलण्याची वाट बघायची सवय झालेल्या माणसासारखा तो किंचित वाकून उभा होता.

"नमस्कार, मावशी. आई म्हणाली, मशीन बिघडलंय."

"मशीन नाही बिघडलं. मी बिघडवलं. चल, माझ्याबरोबर चला दोघं."

भांडार इमारतीच्या मागच्या बाजूला होतं. भांडारपाल जाळीच्या दारात टेबल टाकून बसत. त्यांना सगळे भाऊ म्हणत, तेही दुरूनच.

"भाऊ, मी पाठवलेली काळी पेटी परत हवी होती."

भाऊंनी रजिस्टर उघडलं. "निरुपयोगी लिहून दिलीत."

"चुकलं माझं."

"चुकीला रकाना नाही, ताई. इथून बाहेर जायचं तर लिलावातून."

"लिलाव कधी?"

"समिती बसली की."

"समिती कधी बसणार?"

"नेमली की." भाऊंनी मागे हात केला. मागे अंधारात चाक नसलेल्या खुर्च्या, एकावर एक रचलेल्या खाटा, काटा अडकलेलं वजनाचं यंत्र, सलाइनच्या दांड्यांची मोळी. "यातलं अर्धं मी कामाला लागायच्या आधीचं आहे."

ताईंनी क्षणभर विचार केला. "पेटी बाहेर नको. आम्हीच आत येतो."

भाऊंनीही विचार केला. त्यांनी नियमांची चोपडी उघडली नाही. ती त्यांना पाठ होती. "आत येऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही," ते सावकाश म्हणाले. "आजवर कुणाला यावंसं वाटलं नाही."

पेटी एका खाटेखाली सापडली, चिठ्ठीसकट. जुना संगणक तिच्याजवळच होता. मुलानं खाट उचलली, खुर्ची सरकवली, फुंकर मारून धूळ उडवली. प्लग एकच होता. भाऊंनी त्यातून आपला टेबलफॅन काढला. ताईंनी डिस्क पेटीच्या पोटात बसवली. स्क्रू लावत त्या बसल्या नाहीत.

संगणकानं आधी तारीख विचारली. त्याच्या आतली बॅटरी संपली होती आणि त्याच्या मते तो नुकताच जन्माला आला होता. त्यानं विचारलं त्याचं ताईंनी उत्तर दिलं. मग पेटीचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, आणि पंखा फिरू लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ताई त्या आवाजाची वाट बघत होत्या.

पडद्यावर तीन टीबी उमटले. खाली ओळीनं फायली, जशा ठेवल्या तशा.

शिवणवालीची फाईल सापडायला वेळ लागला नाही. धुळीनं भरलेल्या स्पीकरमधून आधी एक लांब 'आ' आला. मुलानं आईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. मग 'ई', मग आकडे, ते घाईघाईनं, तोंडात टाचण्या धरून बोलावं तसे. मग माळी उठला, त्यानं झाडांना पाणी घातलं, तो घरी गेला. आवाज खालच्या पट्टीतला होता आणि कडेला जरासा फाटलेला. गाठ तेव्हा आत होतीच.

मग ताईंचा तेव्हाचा आवाज: "झालं. आता घरच्यांना हाक मार."

"कोणाला मारू, ताई? नवरा कामावर, आणि हा एक बाहेर बोंबलतोय."

दाराचं रबर सुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एका तान्ह्या पोराचं रडणं आत घुसलं, बेंबीच्या देठापासून. "आणा त्याला आतच," तेव्हाच्या ताई म्हणाल्या. "नाहीतरी ऐकू येतंच आहे."

"काय रे, काय झालं? आले. आले, आले ना. कोणी रडवलं माझ्या राजाला? त्या माळ्यानं? थांब हं, आपण माळ्याला मारू. सारखा पाणी घालतो मेला. आले, आले."

रडणं अडखळलं, उचकीवर आलं, थांबलं.

"हे पुसून टाका हो, ताई. काय आहे याच्यात?"

"राहू दे गं."

तिथे फाईल संपली. भांडारात फक्त पेटीचं घुं राहिलं. शिवणवालीनं पुठ्ठ्यावर लिहिलं, 'असा होता.'

मुलानं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पुन्हा लावता का, मावशी?"

ताईंनी पुन्हा लावलं. या खेपेला तो पडद्याकडे बघत नव्हता, आईच्या तोंडाकडे बघत होता. स्पीकरमधे 'आले, आले' सुरू झालं तेव्हा तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. शब्द न शब्द. एकही मागेपुढे झाला नाही.

तिसऱ्यांदा लावा असं कुणी म्हणालं नाही. मुलानं खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि भाऊंकडे पाहिलं. भाऊ टेबलाशी पाठमोरे बसले होते.

"भाऊ, कॉपी बाहेर नेली तर चालेल?" ताईंनी विचारलं.

"वजन आहे का तिला?"

"नाही."

"नंबर?"

"नाही."

"मग ती माझ्या अखत्यारीत नाही," भाऊ म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही.

मायलेक गेले. जाताना शिवणवालीनं ताईंच्या हातावर काही लिहितात तसं बोट टेकवलं, पण लिहिलं काहीच नाही. ताई स्टूल ओढून डिस्कसमोर बसल्या. ही परत नेली तर संध्याकाळी फॉरमॅट, इथे नुसती ठेवली तर उद्या कोणीतरी शोधत येणार. थोड्या वेळानं त्यांनी भाऊंकडून एक कोरी चिठ्ठी मागून घेतली, तिच्यावर लिहिलं आणि ती डिस्कला चिकटवली.

भाऊंनी ती वाचली. "नक्की ना? एकदा आत आली की मोठ्या सरांनासुद्धा मिळायची नाही."

"लिहून घ्या."

भाऊंनी नोंद केली: आवक, डिस्क, नग एक, निरुपयोगी. जावक निरंक. मग फॅन नसल्यामुळे त्यांनी रजिस्टरनंच वारा घेतला.

"मी दुपारच्या सुटीत रोज येत जाईन," ताई म्हणाल्या. "एकेक आवाज पेनड्राइव्हवर उतरवून न्यायचाय."

"या. आत यायला बंदी नाही."

ताईंनी पुढची फाईल उघडली. ते एक गृहस्थ होते. ऑपरेशननंतर महिन्याभरातच गेले, आणि त्यांचा आवाज मागायला कोणी आलेलं नव्हतं. त्यांनी घरच्यांना मारलेली हाक पूर्ण ऐकून ताईंनी ती उतरवून घेतली.